पंधरा दिवसांची मळी

“काय गाळवाले, आज इथं दवाखाना काढलात की काय?” असं म्हणून वॉचमन स्वतःच हसला. साडेदहाच्या चहाला तो रोज गेट सोडून मागं माझ्या खोलीत येतो, आणि आल्या आल्या एखादा टोमणा मारल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही. मीही सवयीनं हसलो. हसता हसता कप तोंडाशी नेला, तेव्हा चहाला वास नाही हे लक्षात आलं. चार दिवस मला सर्दी होती, नाक पार चोंदलेलं होतं. “कसला दवाखाना?” मी विचारलं. “अहो, फरशी पुसल्यासारखा वास येतोय सगळीकडं. आमची आई अॅडमिट होती ना, त्या वॉर्डात यायचा, तस्सा. तुम्हाला येत नाही?” मला येत नव्हता. मी कप टेबलावर ठेवला तो अगदी काठावर ठेवला गेला असणार, कारण तो पडला आणि फुटला. “जाऊ द्या हो,” वॉचमन म्हणाला, “कारखान्याचाच होता.”

पुढं कारखान्यात लाकडाच्या फळ्या चिकटवायचा डिंक तयार होतो. त्यातून जे पाणी उरतं ते आमच्याकडं येतं. आमच्याकडं म्हणजे मागं. एक जमवण्याची टाकी, एक हवेची मोठी टाकी, एक गाळ खाली बसू देण्याची, आणि कडेला माझी खोली; या सगळ्याला पुढचे लोक नुसतं ‘मागचं’ म्हणतात. येणाऱ्या पाण्यात फिनॉल असतं, दवाखान्यात फरशी पुसायच्या औषधाला ज्याचा वास असतो ते विष. हवेच्या टाकीतला गाळ ते खातो. गाळ म्हणायचं एवढंच, खरं तर तो जिवंत जंतूंचा लगदा आहे, आणि बावीस वर्षं मी त्याला सांभाळतो म्हणून मी गाळवाले. खाऊन झालं की उरलेलं स्वच्छ पाणी एका व्हॉल्व्हमधून नळात आणि नळातून नदीला जातं. हा व्हॉल्व्ह मी रोज सकाळी आठला उघडतो. आधी व्हॉल्व्ह, मग कपडे बदलायचे, मग चहा, मग तपासणी. नियमानं हे उलटं असायला हवं, पण बावीस वर्षांत नियमाची गरज पडली नव्हती. आठला टाकीच्या कठड्याशी उभं राहून एक श्वास घेतला की मला कळायचं. ओल्या मातीसारखा, मुळासकट उपटलेल्या भाजीसारखा वास आला की सगळं ठीक. मीटरपेक्षा नाक खरं, असं मी चारचौघांत मिरवायचो. त्या दिवशीही मी कठड्याशी उभा राहिलो, श्वास घेतला, काहीच आलं नाही, आणि काही आलं नाही म्हणजे वाईट काही नाही असं धरून मी व्हॉल्व्ह उघडला. सर्दी झालेल्या माणसानं वासावर भरवसा ठेवायचा, याला काय म्हणायचं ते मला आजही सुचत नाही.

वॉचमन काचा गोळा करत बसला आणि मी टाकीवर गेलो. वरचा फेस पांढरा होता. तो तपकिरी असायला हवा. बाटलीत नमुना घेतला, खोलीत आलो, एक थेंब काचेवर ठेवून मायक्रोस्कोपला डोळा लावला. खरे खाणारे इतके बारीक असतात की आमच्या या जुन्या यंत्रातून ते दिसत नाहीत. त्यांची तब्येत ओळखायची ती त्यांच्यात राहणाऱ्या घंट्यांवरून. घंट्या हे माझं नाव, पुस्तकातलं वेगळं आहे. बारीक देठावर उलटी घंटा असावी तसे ते जीव असतात, घंटेच्या तोंडाशी केस सतत हलत असतात, आणि मधूनच काही बोचल्यासारखं ते देठ झटकन आखडून घेतात आणि पुन्हा सावकाश उभे राहतात. रोज सकाळी मी त्यांच्याकडं पाच मिनिटं नुसता बघत बसायचो. आज देठ होते. देठांवर काही नव्हतं. घंट्या गळून बाजूला पडल्या होत्या, एकीलाही हालचाल नव्हती. मी दुसरा थेंब घेतला. तिसरा घेतला. सातव्या थेंबात एक घंटा सापडली, ती अर्धी मिटली आणि तशीच राहिली. मी टेबलाची कड धरून बसलो. माझ्या तोंडून “अगं, अगं” असं काहीतरी निघत होतं, कारण वॉचमननं विचारलं, “कुणाशी बोलताय?”

मला काय झालंय ते कळलं होतं. कुणी सांगायची गरज नव्हती. हे जंतू आले कुठून ते ठाऊक असलेला मी एकटाच आता उरलोय. माझ्या आधी इथं एक म्हातारा होता, त्याच्या हाताखाली मी लागलो. तेव्हा गाळ नव्हताच, पाणी तसंच जायचं. म्हातारा मला कारखान्याच्या जुन्या गटाराशी घेऊन गेला, जिथं वर्षानुवर्षं डिंकाचं पाणी मुरून चिखल काळाकुट्ट झाला होता, गवताचं पातंसुद्धा उगवत नव्हतं. म्हणाला, “इथं जो कुणी जगला असेल, तो आपल्या कामाचा.” दोन पिंपं चिखल आम्ही फावड्यानं भरला. मग अकरा महिने त्यांना शिकवलं. पहिल्या आठवड्यात बादलीला एक चमचा विष, पुढच्या आठवड्यात दीड. जास्त झालं की मरायचे, कमी झालं की आळसावायचे. तीनदा सगळे मेले, तीनदा आम्ही पुन्हा पहिल्यापासून केलं. म्हाताऱ्याची एक वही होती, तिच्यात तो त्यांच्याबद्दल लेकरांसारखं लिहायचा: आज रुसलेत, आज जेवले. आणि त्याचा एक नियम होता. कारखाना बंद राहिला, पुढून पाणी आलं नाही, तरी रोज थोडं विष त्यांना द्यायचंच. त्यासाठी एक निळं पिंप भरून ठेवलेलं असे. “उपाशी राहू देत,” तो म्हणायचा, “पण चव विसरू देऊ नकोस. विसरले की गेले.” तो गेल्यावर बावीस वर्षं मी हा नियम पाळला. दर वर्षी दुरुस्तीसाठी कारखाना पंधरा दिवस बंद असतो, दर वर्षी मी रोज निळ्या पिंपातून तीन बादल्या ओतल्या. या वर्षी नाही ओतल्या.

का नाही ओतल्या, हे मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही, आणि सांगितलं तर हसतील. चार महिन्यांनी मी रिटायर होतोय. बायको महिनाभर लेकीकडं आहे, लेकीला साडेतीन महिन्यांची मुलगी आहे, तिचं करायला दोन हात पुरत नाहीत. घरी मी एकटा. सुट्टीच्या पंधरा दिवसांत यायला हवं होतं ते तासाभरासाठी, पण मी दिवस दिवस इथंच बसायचो. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज ऐकत, टाकीतले बुडबुडे बघत. पहिल्या दिवशी निळ्या पिंपाचं झाकण उघडलं आणि तो वास नाकात गेला तसं माझ्या मनात आलं, जन्मभर ह्यांनी काय खाल्लं? विष. मी दिलं म्हणून खाल्लं. आता जायच्या आधी एकदा तरी गोड घालावं. शेडमध्ये मळीचा एक ड्रम पडून होता, साखर कारखान्यातली काळी, चिकट मळी. अशक्त गाळाला उभारी यावी म्हणून चमचा-दोन चमचे देतात. मी तांब्याभर दिली. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली घंट्या अशा नाचत होत्या की मी मोठ्यानं हसलो. आठव्या दिवशी गाळानं बाळसं धरलं. रंग तर असा, की एरवी मी फोटो काढणारा माणूस नाही, पण काढला आणि बायकोला पाठवला. तिनं लिहिलं, ‘तुमच्या लेकरांना दृष्ट नको लागायला.’ लेक झाल्यापासून ती मला हेच चिडवते, आमच्या ह्यांना एक लेक घरी आणि कोट्यवधी कारखान्यात. मी पंधरा दिवस निळं पिंप उघडलं नाही. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे मी शाळेत फळ्यावर लिहिलेलं आठवतंय. आदल्या दिवशी कारखाना सुरू झाला, पहिल्याच दिवशी पूर्ण पाणी आलं, आणि माझी लेकरं मळीला सोकावलेली, त्यांना ते विष ओळखता आलं नाही. ती पूर्वी जे रोज जेवत होती, त्यानंच मेली.

यानंतरचे चार तास मी काय केलं ते नीट सांगायला हवं. तिन्ही ब्लोअर चालू केले. शेडमधून कोळशाच्या भुकटीची पोती ओढत आणून टाकीत रिकामी केली, कारण भुकटी थोडं विष धरून ठेवते. पाइप लावून साधं पाणी सोडलं. दर वीस मिनिटांनी एक थेंब बघत होतो. काळ्या हातांनी काच धरत होतो, काचेवर बोटं उमटत होती, पुसून पुन्हा बघत होतो. एकदा वाटलं हलली. माझाच श्वास होता. घाम आणि कोळसा डोळ्यांत जाऊन डोळे झोंबत होते आणि मी रडतोय की नाही हे मलाही सांगता आलं नसतं. वॉचमन दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्याला चेष्टा सुचली नाही. “साहेबांना बोलवू का?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, मीच जातो.

साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत, माणूस वाईट नाही. मला बघून त्यांनी आधी पंखा वाढवला. “साहेब, पुढून येणारं पाणी थांबवावं लागेल,” मी म्हणालो. “किती वेळ?” “दोन दिवस.” दोन दिवस हे खोटं होतं, अकरा महिने हे खरं होतं. “अहो, आत्ताच तर पंधरा दिवस बंद होतो आपण. अचानक असं झालं काय?” इथं मला सांगता आलं असतं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं: साहेब, मी मळी घातली. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड. मी म्हणालो, “एकदम लोड आला, साहेब. सोसला नाही त्यांना.” साहेब थोडं हसले. “घेतील हो जुळवून. तुमचीच पोरं आहेत ती. संध्याकाळपर्यंत बघा, मग ठरवू.” मी बरं म्हणालो आणि उठलो. चार महिने, फक्त चार महिने, असं जिना उतरताना माझ्या डोक्यात चाललं होतं, आणि त्याच वेळी हेही, की माझ्या मागून जो कुणी येईल त्याला मी दोन टाक्या मेलेला गाळ देऊन जाणार. म्हातारा आज असता तर बोलला नसता. त्यानं वही काढून नुसती तारीख लिहिली असती.

खोलीत येऊन मी हात धुवायला नळ सोडला. नळाचं पाणी काळं होऊन मोरीत जात होतं, आणि ते जाताना बघता बघता मला आमचं जुनं घर आठवलं. त्याला काही कारण नव्हतं, मोरी तशीच होती एवढंच. लेक सात वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला. एकवीस दिवस. तिची मनगटं माझ्या अंगठ्याएवढी झाली होती. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आला. त्यानंतर आमच्या घरात पाणी उकळणं हा माझा कारभार झाला. रोज सकाळी मोठ्या पातेल्यात, घड्याळ लावून वीस मिनिटं. लेक ओट्याशी स्टूल ओढून उभी राहायची, मी तिला सांगायचो, “हे बघ, बुडबुडे आले तरी काढायचं नाही. वीस मिनिटं. वीस मिनिटं उकळलं की त्यातलं सगळं मरतं, मग काही भीती नाही.” ती एकदा म्हणाली, “तुमचे जंतू पण मरतील का असे?” मी म्हटलं, “माझे चांगले आहेत गं, ते पाणी साफ करतात.” “मग ह्या पाण्यात तेच सोडा ना.” मी बायकोला हाक मारून ते सांगितलं होतं, आम्ही दोघं किती हसलो होतो. लेकीच्या हुशारीचं मला कोण कौतुक. आता ती पस्तिशीला आली, खालच्या वस्तीत राहते. खालच्या वस्तीत, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला. आणि मी नळ बंद केला.

मी खरंच इतका वेळ विचार केला नव्हता. हे कुणाला पटणार नाही. साडेदहापासून अडीचपर्यंत मी मेलेल्यांच्या उशाशी बसलो होतो आणि व्हॉल्व्ह उघडा होता. आठपासून उघडा होता. तो बंद करायचा हे मनात आलंच नव्हतं असंही नाही. एकदा आलं होतं, पण व्हॉल्व्ह बंद केला की दोन तासांत टाक्या भरणार, कारखाना थांबवावा लागणार, आणि मग साहेब विचारणार, मी उत्तर देणार. म्हणून मी त्या विचाराला बाजूला सारलं, जरा थांब म्हटलं, आधी हे उठू देत. हे, म्हणजे टाकीतले. व्हॉल्व्हमधून जाणारं पाणी कुठंतरी जातं आणि तिथं कुणीतरी राहतं, तिथं माझी बायको आहे, माझी लेक आहे, हे मला आठवायला मोरीतलं काळं पाणी लागलं. म्हाताऱ्यानं एकदा बूच मारलेली बाटली नदीत सोडून सायकलवरून तिच्याबरोबर काठानं प्रवास केला होता. खालच्या वस्तीला नदीतून जो पंप पाणी ओढतो, तिथपर्यंत दोन तास. आठला उघडलं. दहाला पोचलं. आणि परवा बायको फोनवर सांगत होती, “हिला दूध पुरत नाही हो. बाळाला वरचं सुरू केलंय.” वरचं दूध म्हणजे डब्यातली पावडर. पावडर पाण्यात कालवतात.

मी पळालो. आमच्या वयाला पळणं शोभत नाही, गुडघा दोनदा मुडपला. व्हॉल्व्हचं चाक एरवी एका हातानं फिरतं, आज दोन्ही हात कोळशानं निसटत होते. सदरा काढून त्यानं धरलं आणि फिरवलं, एकोणीस फेरे, मोजायची गरज नव्हती तरी मोजले. बैल गेला आणि झोपा केला. नळातला आवाज थांबला. मग तिथंच कठड्याला टेकून फोन लावला. तिन्ही ब्लोअर घरघरत होते, एक कान तळव्यानं बंद केला. घंटी वाजत असताना मी मनात जुळवत होतो काय सांगायचं, आणि जुळवलं ते सगळं साहेबांना सांगायचं राहून गेलेलं होतं, तेच जिभेवर तयार होतं, तेच बाहेर पडलं.

“बाबा? आत्ता कसा फोन? जेवलात का?”

“ऐक, माझ्या हातून एक चूक झाली,” मी म्हणालो. “पंधरा दिवस मी त्यांना मळी घातली.”

“कुणाला? जरा मोठ्यानं बोला, ते तुमचं यंत्र केवढ्यानं ओरडतंय.”

“गाळाला. म्हाताऱ्यानं सांगितलं होतं की चव विसरू देऊ नकोस, आणि मी—”

“बाबा, तुमचा आवाज असा का येतोय? सर्दी गेली नाही अजून? वाफ घ्या म्हटलं होतं ना. आईला देऊ का? थांबा, एक विचारायचं होतं तुम्हाला. आज सकाळपासून नळाच्या पाण्याला कसला तरी वास येतोय. दवाखान्यात येतो ना, तसा. शेजारच्या काकू म्हणाल्या टाकी धुतली असेल, औषध टाकलं असेल. मी म्हटलं, आपण आपली काळजी घ्यावी. मोठं पातेलंभर उकळून ठेवलंय, घड्याळ लावून वीस मिनिटं.” ती हसली. “तुमचीच लेक आहे.”

उकळल्यावर जे मरतं ते त्या पाण्यात नव्हतंच. ते माझ्यासमोर टाकीत मरून पडलं होतं. ते जिवंत असतं तर पाण्याला वास आला नसता, आणि पाण्यात होतं ते विष वीस मिनिटं उकळून जाणारं नव्हतं. हे सगळं मला एका क्षणात लख्ख दिसत होतं आणि त्यातलं एकही तिला सांगायच्या कामाचं नव्हतं. सांगायचं होतं ते दोन शब्दांत, पिऊ नका, आणि मी ते शोधत होतो. मागं बाळ रडायला लागलं. बावीस वर्षं एका थेंबात मी बघून सांगत आलोय, कोण उपाशी, कोण आजारी. ते रडणं भुकेचं आहे की दुखण्याचं, ते मला कळेना.

“अगं, ते पाणी—”

“आले गं, आले! बाबा, थांबा हं जरा, तिला बाटली देते आणि बोलते. ठेवू नका.”

फोन कुठंतरी लाकडावर टेकवल्याचा आवाज आला. मग डब्याचं झाकण. मग चमचा. मी ओरडलो. नाव घेऊन ओरडलो, देऊ नकोस, देऊ नकोस म्हणून ओरडलो, आणि ब्लोअर माझ्या ओरडण्यावर घरघरत राहिले. त्यांचं बटण वीस पावलांवर होतं. तिकडं जावं तर फोन कानाचा काढावा लागणार, म्हणून मी गेलो नाही, तिथंच उभा राहून ओरडत राहिलो. वॉचमन गेटवरून धावत येताना दिसला. फोनमध्ये बाटली हलवल्याचा आवाज आला, वर-खाली, वर-खाली. मग रडणं थांबलं. मला वाटतं त्यानंतरही मी बराच वेळ ओरडत होतो, कारण शेवटी कुणीतरी फोन उचलला आणि बायकोचा आवाज आला.

“अहो, केवढ्यानं ओरडताय,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “हळू बोला. बाळ पितंय.”